कपातीचा ठराव आणि चौदा वर्षांची पाळत

१२ जुलै १९३३. शाळांना उन्हाळी सुट्टी होती. शिकागो शहराच्या शिक्षण मंडळाची बैठक भरली आणि काटकसरीचा एक लांबलचक ठराव फारशी चर्चा न होताच मंजूर झाला. शहराचं एकमेव सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज बंद. ज्युनिअर हायस्कुलं बंद. बालवाड्या निम्म्यावर. दोन प्राथमिक शाळांना मिळून एकच मुख्याध्यापक. प्राथमिक शाळांतले व्यायामाचे, हस्तकलेचे, गृहशास्त्राचे तास रद्द. माध्यमिक शिक्षकांच्या तासिका वाढवायच्या आणि सुमारे १,४०० शिक्षकांना घरी पाठवायचं. पाच लाखांच्या आसपास मुलं ज्या शाळांत शिकत होती, त्यांचा नकाशाच एका दुपारी बदलला. या शाळांचे अधीक्षक विल्यम बोगन यांना मात्र कुणी साधं विचारलंही नव्हतं.

नऊ दिवसांनी, २१ जुलैच्या संध्याकाळी, शिकागो स्टेडियम भरून गेलं. मुष्टियुद्धं आणि राजकीय पक्षांची अधिवेशनं जिथे भरत, त्या भव्य वास्तूत सुमारे २५,००० माणसं जमली. त्यांत आया होत्या, शिक्षिका होत्या, कारखान्यांतून काम सुटलेले बाप होते, विद्यार्थी होते, चर्चमधले धर्मगुरू होते. मागणी एकच होती : शाळा वाचवा. पुढच्या काही आठवड्यांत ठरावाविरुद्ध सुमारे साडेतीन लाख सह्या गोळा झाल्या.

आणि तरीही मंडळाने ठराव मागे घेतला नाही.

इथे ही गोष्ट संपली असती, तर एका अपयशी मोर्चाची नोंद म्हणून ती इतिहासात राहिली असती. पण त्या रात्री जमलेल्यांपैकी काही जण पुढची चौदा वर्षं हटले नाहीत, आणि त्यांचं खरं काम गर्दी पांगल्यावर सुरू झालं. शाळांच्या पैशासाठी सामान्य माणसं लढतात तेव्हा काय घडतं, काय घडत नाही आणि का, हे समजून घ्यायला शिकागोइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

शाळेची जमीन, कंपन्यांचा कर

शिकागोच्या शाळा गरीब कधीच नव्हत्या. त्यांना गरीब केलं गेलं.

१७८५च्या कायद्याने अमेरिकेच्या नव्या प्रदेशात जमिनीची मोजणी झाली, तेव्हा दर वसाहतीचे ३६ चौरस भाग पाडून त्यातला सोळावा भाग शाळांसाठी राखून ठेवायचं ठरलं. शिकागोतला हा सोळावा भाग पुढे ऐन शहराच्या काळजात आला. पण १८३३मध्ये, शिकागो हे जेमतेम एक खेडं असताना, त्यातली बहुतेक सगळी जमीन लिलावात ४० हजार डॉलरांपेक्षाही कमी किमतीला विकून टाकली गेली. काही दशकांतच तिथे अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या इमारती उभ्या राहिल्या. उरलेले थोडे तुकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर गेले. 'शिकागो ट्रिब्यून' या बलाढ्य वृत्तपत्राची इमारतही शाळांच्याच जमिनीवर होती, आणि १८९५मध्ये त्या भाडेपट्ट्यातलं ठरावीक मुदतीने भाडं वाढवण्याचं कलमच काढून टाकण्यात आलं. जमिनीचे भाव चढत राहिले, शाळांना मिळणारं भाडं जागच्या जागी राहिलं.

हे सगळं हिशेबाने बाहेर काढणारी बाई होती मार्गारेट हेली. कत्तलखान्यांच्या वस्तीतल्या शाळेत ती सहावीच्या वर्गाला शिकवायची. १८९७मध्ये प्राथमिक शिक्षिकांनी शिकागो टीचर्स फेडरेशन स्थापन केलं. ठरलेली पगारवाढ पैसे नाहीत म्हणून मंडळाने मागे घेतली, तेव्हा हेली आणि तिची सहकारी कॅथरीन गॉगिन यांनी एक साधा प्रश्न विचारला : पैसे का नाहीत? वर्ग सोडून दोघी करखात्याची दप्तरं उपसायला बसल्या. त्यांच्या हाती जे लागलं, ते शहराला हादरवणारं होतं. ट्राम, गॅस, वीज आणि टेलिफोन चालवणाऱ्या कंपन्यांना शहराने रस्ते वापरायचे हक्क दिले होते. या हक्कांची किंमत कोट्यवधी डॉलर होती आणि त्यावर कर भरणं कायद्याने बंधनकारक होतं. प्रत्यक्षात त्यावर आकारणीच होत नव्हती.

शिक्षिका कोर्टात गेल्या. १९०१मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपन्यांनी केंद्राच्या न्यायालयात जाऊन रक्कम कमी करून घेतली, तरी शाळांच्या वाट्याला वर्षाला अडीच लाख डॉलरांच्या घरात पैसे आले. मंडळाने ते कोळसा आणि दुरुस्तीवर वळवले. हेली पुन्हा कोर्टात गेली आणि १९०४मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी शिक्षिकांचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी डन शहराचे महापौर झाले.

या बायकांना तेव्हा महापौर निवडण्यासाठी मत देण्याचाही अधिकार नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवं. मतपेटी हाती नसताना त्यांनी खतावणी हाती घेतली. तिजोरी रिकामी आहे असं कुणी सांगितलं, की ती कुणी रिकामी केली हे आधी पाहायचं, ही सवय शिकागोच्या शाळांना त्यांच्यामुळे लागली.

पगाराऐवजी चिठ्ठ्या

१९२०च्या दशकात हेलीने पुन्हा मालमत्ता कराचा पाठपुरावा केला. आकारणीत उघड पक्षपात होता. वशिल्याच्या मालमत्ता नाममात्र किमतीला नोंदल्या जात, काही तर नोंदल्याच जात नसत. १९२८मध्ये राज्याच्या कर आयोगाने सबंध फेरआकारणीचा हुकूम दिला. निर्णय न्याय्य होता, वेळ मात्र विलक्षण वाईट निघाली. फेरआकारणी पूर्ण होईपर्यंत करवसुली थांबली, आणि त्याच काळात ऑक्टोबर १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला. बिलं निघाली तेव्हा लोकांकडे पैसे उरले नव्हते.

त्यात बड्या मालमत्ताधारकांनी संघटना करून कर न भरण्याची मोहीम चालवली. आकारणी बेकायदा आहे, असा त्यांचा दावा होता. हजारो मालक वर्गणी भरून त्यात सामील झाले. शहराचा गाडा आधीपासूनच पुढच्या वर्षी येणाऱ्या कराच्या हमीवर बँकांकडून उचल घेऊन चालत होता. आता बँकांनी हात आखडता घेतला.

फटका बसला तो शाळांना. एप्रिल १९३१पासून शिक्षकांचा पगार थकू लागला. रोख पैशाऐवजी त्यांच्या हाती 'स्क्रिप', म्हणजे पुढे कधीतरी पैसे देऊ अशा वचनाच्या चिठ्ठ्या पडू लागल्या. काही दुकानदार त्या घेत, पण कसर कापून. बरेच जण घेतच नसत. सुमारे १४,००० शिक्षकांपैकी कितीकांनी विम्याच्या पॉलिसी मोडल्या, घरं गहाण टाकली, सावकाराचे उंबरे झिजवले. तरी शाळा बंद पडल्या नाहीत. उलट वर्गात उपाशी बसलेली मुलं पाहून याच शिक्षकांनी आपल्या तुटपुंज्या पैशातून हजारो मुलांना दुपारचं जेवण दिलं. १९३२च्या उन्हाळ्यात शाळा सुटणार, म्हणजे ते जेवणही बंद होणार, म्हणून अधीक्षक बोगन यांनी राज्याकडे या मुलांच्या अन्नासाठी अक्षरशः याचना केली.

महापौर अँटन सरमाक यांनी त्याच वर्षी वॉशिंग्टनला जाऊन सांगितलं की आज शिकागोला सुमारे १५ कोटी डॉलरांचं कर्ज द्या, पुढे सैन्य पाठवायचा खर्च त्याहून जास्त होईल. कर्ज मिळालं नाही. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामीमध्ये निर्वाचित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भेटीला सरमाक गेले असता मारेकऱ्याची गोळी त्यांना लागली. ६ मार्चला ते वारले. शिकागोच्या शिक्षकांच्या थकलेल्या पगारासाठी केंद्राची मदत मागणं, हा त्यांच्या मायामीवारीचा एक हेतू होता असं सांगितलं जातं.

बँकेच्या दारात

एप्रिल १९३३मध्ये शिक्षकांचा संयम संपला. व्यायामशिक्षक जॉन फ्यूक्स यांच्या पुढाकाराने एक कृती समिती उभी राहिली. जुन्या संघटना अर्ज-विनंत्यांमध्ये अडकल्या आहेत, असं या तरुण शिक्षकांना वाटत होतं. हजारो शिक्षक, पालक आणि विद्यार्थी मोर्चाने शहराच्या मध्यभागात आले. मग २४ एप्रिलला सुमारे ५,००० शिक्षकांनी थेट मोठ्या बँकांमध्ये धडक मारली.

बँकाच का? कारण अडवणूक तिथे होती. शाळांच्या कर्जरोख्यांना हात लावायला बँका तयार नव्हत्या. पण आदल्याच वर्षी, जून १९३२मध्ये, चार्ल्स डॉज यांच्या बँकेला बुडण्यापासून वाचवायला केंद्राच्या वित्त महामंडळाने तब्बल ९ कोटी डॉलरांचं कर्ज दिलं होतं. डॉज हे अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष, शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी, आणि कर्ज देणाऱ्या त्याच महामंडळाचे काही दिवसांपूर्वीपर्यंतचे प्रमुख. बँकेसाठी सरकारी पैसा आठवड्यात उभा राहतो आणि मुलांना शिकवणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं उभा राहत नाही, हे शिक्षकांना समोर दिसत होतं. डॉज त्यांच्यासमोर आले. घोषणांनी त्यांना बोलू दिलं नाही, तेव्हा गोंधळ घालणारे गेले खड्ड्यात, अशा अर्थाचे उद्गार काढून ते निघून गेले. दोन दिवसांनी पुन्हा बँकांवर मोर्चा गेला. या वेळी टेबलं उलटली, भिंतींवर शाई उडाली.

शाळेत शिस्त शिकवणारी माणसं बँकेत शाई फेकताना पाहून देशभरातली वृत्तपत्रं चकित झाली. त्या शाईमागे दोन वर्षांची भूक होती, हे फार थोड्यांनी लिहिलं. पण दबावाचा परिणाम झाला. थकलेल्या पगाराचा काही भाग त्या वसंतात हाती पडला.

महिनाभराने, २७ मे रोजी, शिकागोत 'शतकाची प्रगती' नावाचं जागतिक प्रदर्शन मोठ्या थाटात उघडलं. १८९३च्या ज्या प्रदर्शनामुळे आणि त्याला जोडून भरलेल्या धर्मपरिषदेमुळे हे शहर आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालं, त्याला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. मिशिगन सरोवराच्या काठावर रोषणाई झाली, लाखो पाहुणे आले. त्याच उन्हाळ्यात शाळांवर कुऱ्हाड पडली.

काटकसर कुणाची?

सरमाक यांच्या जागी नगरसभेने एडवर्ड केली यांना महापौरपदी बसवलं होतं. आपल्या पक्षाचे स्थानिक अध्यक्ष पॅट्रिक नॅश यांच्यासोबत केली यांनी शिकागोत जी राजकीय यंत्रणा उभी केली, ती पुढे दशकानुदशकं टिकली. शिक्षण मंडळावर त्यांनी आपली माणसं नेमली. कोळशाचे व्यापारी जेम्स मॅकेही अध्यक्ष झाले. मंडळाच्या पाठीशी उद्योगपती आणि बँकर यांची एक समिती होती. तिचे प्रमुख फ्रेड सार्जंट हे एका मोठ्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. शहराला कर्ज हवं तर खर्च कमी करा, ही अट याच वर्तुळातून येत होती, आणि खर्च म्हटलं की बोट शाळांकडे जात होतं. शहरातल्या बड्या वृत्तपत्रांनीही कपातीची भलामण केली. बालवाडी, व्यायाम, संगीत, सुतारकाम हे सगळे शाळांचे चोचले आहेत, मुलांना लिहिता-वाचता आलं की पुरे, असा सूर लागला.

१२ जुलैच्या ठरावाची शिकागो विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचे प्रमुख चार्ल्स जड यांनी चिरफाड केली. विद्यापीठाचे तरुण अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी इशारा दिला की या निर्णयाचे दुष्परिणाम शहर पुढची पंचवीस वर्षं भोगेल. मंडळाला एक तर सार्वजनिक शिक्षणाचा हेतूच कळलेला नाही, नाहीतर ते तो हेतू जाणूनबुजून मोडायला निघालं आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

त्याहून बोचरा मुद्दा सामान्य नागरिकांनी मांडला. कात्री शिक्षकांवर, बालवाड्यांवर, कॉलेजवर चालली होती. इमारतींच्या देखभालीची, बॉयलरवरची, झाडलोटीची कामं पक्षाच्या शिफारशीने दिली जात, आणि तिथे मात्र कात्री बोथट झाली. तिजोरी खरोखर रिकामी असती, तर झळ सगळीकडे सारखी लागली असती. कुठे कापायचं आणि कुठे नाही, हे कुणीतरी निवडलं होतं. मार्गारेट हेलीने तीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आता हजारो आया विचारू लागल्या.

या प्रश्नाभोवती नागरिकांची 'शाळा वाचवा' समिती उभी राहिली. पालक-शिक्षक संघ, महिला मंडळं, मुख्याध्यापकांची संघटना, चर्च, वस्तीवस्तीतले गट तिच्यात एकत्र आले. या गटांचं एरवी आपसात फारसं पटत नसे. प्राथमिक शिक्षिका आणि माध्यमिक शिक्षक यांच्या संघटना वेगळ्या, पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. पण ठरावाने सगळ्यांनाच एका रांगेत आणून उभं केलं. दारोदार फिरून सह्या घेतल्या गेल्या. बंद पडणाऱ्या क्रेन ज्युनिअर कॉलेजचे विद्यार्थी रस्त्यावर आले. हे कॉलेज १९११पासून चालत होतं. फी परवडत नसलेल्या, बहुतेक स्थलांतरितांच्या घरांतल्या मुलामुलींसाठी उच्च शिक्षणाचं ते एकच दार होतं.

गर्दी पांगल्यावर

सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या त्या नव्या ठरावाप्रमाणेच. वर्ग फुगले. एकेक मुख्याध्यापक दोन इमारतींच्या मध्ये धावत राहिला. पंचवीस हजारांची सभा आणि लाखो सह्या मंडळाला हलवू शकल्या नाहीत, कारण मंडळाचे सदस्य लोकांनी निवडलेले नव्हते. ते महापौरांनी नेमलेले होते आणि महापौरांच्या हाती पक्षाची यंत्रणा होती. मंडळाला लोकांना तोंड द्यावं लागतच नव्हतं.

हे ओळखणारे काही लोक त्या समितीत होते. १९३३ संपण्याआधी 'शाळा वाचवा' समितीतून सिटिझन्स स्कूल्स कमिटी ही कायमस्वरूपी संस्था निघाली. मंडळाच्या बैठकांना जाऊन बसायचं, अंदाजपत्रक वाचायचं, कोणता पैसा कुठून कुठे वळवला ते लिहून काढायचं आणि शहरभर पोचवायचं, हे तिचं काम. यात घोषणा नव्हत्या आणि वृत्तपत्रांना छापण्याजोगं फारसं काही नव्हतं. पण हे काम वर्षामागून वर्षं चालू राहिलं.

मधल्या काळात काही विजय हाती आले. १९३४मध्ये ज्युनिअर कॉलेज पुन्हा उघडावं लागलं, आणि ते एकाऐवजी अनेक ठिकाणी : शहराच्या पश्चिमेला हर्झल, वायव्येला राइट. क्रेनच्या विद्यार्थ्यांची ओरड अगदीच वाया गेली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या वित्त महामंडळाने मंडळाला दोन कोटींहून अधिक डॉलरांचं कर्ज दिलं आणि शिक्षकांना थकलेला पगार एकदाचा मिळाला. या कर्जाला तारण काय होतं? शहराच्या मध्यभागी शाळांच्या मालकीची उरलीसुरली जमीन. शंभर वर्षांपूर्वीच्या लिलावातून जे तुकडे वाचले होते, त्यांनीच शेवटी शिक्षकांची चूल पेटवली. जे विकलं गेलं ते राहिलं असतं, तर असे हात पसरायची वेळच आली नसती.

१९३७मध्ये शिक्षकांच्या विखुरलेल्या संघटनांपैकी चार एकत्र येऊन शिकागो टीचर्स युनियन स्थापन झाली. बँकांवर मोर्चा नेणारे जॉन फ्यूक्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. हेलीचं जुनं फेडरेशन मात्र बाहेरच राहिलं. १९३३चा धडा तरुण शिक्षकांनी नीट गिरवला होता : आपसातली भांडणं मिटल्याशिवाय मंडळाशी भांडता येत नाही.

मंडळाचा कारभार मात्र आणखी बिघडला. १९३६मध्ये बोगन वारले आणि विल्यम जॉन्सन अधीक्षक झाले. मुख्याध्यापकपदाच्या परीक्षेआधी त्यांनी स्वतः उमेदवारांची खासगी शिकवणी घेतली आणि त्या शिकवणीतलेच उमेदवार मोठ्या संख्येने पास झाले, तेव्हा शहरात गदारोळ उठला. त्यांच्या नावावरची पाठ्यपुस्तकं मंडळाने विकत घेतली. आवाज उठवणाऱ्या शिक्षकांच्या गैरसोयीच्या ठिकाणी बदल्या झाल्या. सिटिझन्स स्कूल्स कमिटी आणि युनियन यांनी प्रत्येक प्रकरणाची नोंद ठेवली.

या नोंदी कामाला आल्या. अमेरिकेतल्या शिक्षकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने, शिकागोची चौकशी केली आणि १९४५मध्ये मंडळाचा कारभार चव्हाट्यावर मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला. १९४६मध्ये माध्यमिक शाळांना मान्यता देणाऱ्या प्रादेशिक संस्थेने ती काढून घेण्याची तंबी दिली. असं झालं असतं तर शिकागोच्या मुलांना विद्यापीठांत प्रवेश मिळणं कठीण झालं असतं. आता प्रश्न प्रत्येक घराचा झाला. महापौरांना विद्यापीठप्रमुखांची एक समिती नेमावी लागली. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष हेन्री हील्ड तिचे प्रमुख होते. समितीने मंडळाच्या सदस्यांनी पायउतार व्हावं, असं सुचवलं. जॉन्सन गेले, मॅकेही गेले. १९४७च्या निवडणुकीत पक्षाने केली यांना पुन्हा उभं केलं नाही. त्याच वर्षी बाहेरून आलेले हेरॉल्ड हंट अधीक्षक झाले आणि महापौरांच्या कचेरीतून शाळा चालवण्याचा तो काळ सरला.

स्टेडियममधली सभा जुलै १९३३ची, हा बदल १९४७चा. ज्यांच्या बालवाड्या त्या उन्हाळ्यात बंद झाल्या, ती मुलं तोवर शाळा ओलांडून गेली होती. त्यांना या विजयाचा काही उपयोग झाला नाही. कपातीची किंमत तत्काळ वसूल होते आणि भरपाई पुढच्या पिढीला मिळते. म्हणूनच शाळांवरचा एकही ठराव मुकाट्याने मंजूर होऊ देता कामा नये.

राहून गेलेले प्रश्न

या लढ्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. १९३३च्या समितीचं नेतृत्व बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गाकडे होतं. शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये शाळा इतक्या भरलेल्या होत्या की मुलं दोन पाळ्यांत शिकत. शेजारच्या गोऱ्या वस्तीत वर्ग रिकामे असले तरी त्यांना तिथे जाता येत नसे. हा प्रश्न 'शाळा वाचवा'च्या यादीत वर आला नाही, आणि त्याचा हिशेब पुढे चुकवावा लागला. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी शिकागोच्या दोन लाखांहून अधिक मुलांनी एका दिवसासाठी शाळेवर बहिष्कार टाकला. अधीक्षक बेंजामिन विलिस कृष्णवर्णीय वस्त्यांत नव्या जागा देण्याऐवजी फिरत्या खोल्यांमध्ये वर्ग भरवत होते. त्या खोल्यांना लोक चिडून 'विलिस वॅगन' म्हणत.

आणि मे २०१३मध्ये, पहिल्या कपातीच्या ऐंशी वर्षांनंतर, महापौरांनीच नेमलेल्या मंडळाने एका बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करायचा निर्णय घेतला. कारण तेच : पैसे नाहीत आणि पट कमी आहे. त्या शाळांतली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती. त्याआधीच टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलेल्या डायेट हायस्कूलसाठी २०१५मध्ये बारा पालक आणि कार्यकर्ते उपोषणाला बसले. ३४ दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. २०१६मध्ये ती शाळा पुन्हा सुरू झाली.

पुढे इलिनॉय राज्याने कायदा केला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये शिकागोच्या मतदारांनी शिक्षण मंडळाचे काही सदस्य पहिल्यांदाच स्वतः निवडले. स्टेडियममध्ये जमलेल्यांकडे जे नव्हतं, ते मिळायला नव्वदहून जास्त वर्षं लागली.

आपल्या हातातलं

ही परक्या देशाची हकीकत मराठी वाचकाला परकी वाटू नये, याचं कारण आपल्याकडचेच ठराव आहेत. २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचा निर्णय महाराष्ट्रात झाला. त्यानंतर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा आणि समूह शाळा हे विषय वारंवार पुढे येत राहिले. युक्तिवाद ओळखीचाच आहे : एवढ्याशा मुलांसाठी एवढा खर्च कशाला? वाडीवरच्या, पाड्यावरच्या, ओढ्यापलीकडच्या मुलीसाठी शाळा दोन-तीन किलोमीटर लांब गेली की तिचं शिक्षणच थांबू शकतं, हे त्या हिशेबात कुठे मांडलेलं नसतं.

पण एका बाबतीत आपण १९३३च्या शिकागोकरांपेक्षा पुढे आहोत. मंडळात बसायचा त्यांना अधिकार नव्हता. आपल्याला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तो दिलेला आहे. शासनाच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे आणि तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. शासनाच्या शाळेत या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवायचं, हेही कायद्यात आहे. किती गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावं. ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे, जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मागवून वाचता येतं. मार्गारेट हेलीने ज्या दप्तरांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, ती आपल्याला एका अर्जावर मिळू शकतात.

मोर्चा हवाच. मोर्चाशिवाय प्रश्न कुणाला दिसत नाही, आणि बँकांवर धडक गेली नसती तर शिकागोच्या शिक्षकांना त्या वसंतात एक छदामही मिळाला नसता. पण मोर्चा दुसऱ्या दिवशी घरी जातो, ठराव मात्र दप्तरातच राहतो. शाळा टिकवायची असेल तर त्या दप्तरापर्यंत पोचणारी चार-पाच माणसं प्रत्येक गावात हवीत. दर महिन्याच्या बैठकीला जाणारी, आकडे वाचणारी, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा विचारणारी. शिकागोला ही माणसं मिळाली म्हणून चौदा वर्षांनी का होईना, कारभार बदलला. आपल्या शाळांना ती मिळायला चौदा वर्षं लागू नयेत. त्याची सुरुवात पुढच्या पालकसभेला जाऊन, या वर्षी शाळेला किती पैसे आले आणि ते कुठे गेले, हे विचारण्यापासून होऊ शकते.